डाएट चालू आहे आणि शनिवारी बसायचंय? मग हिशोब असा लावा

पहिलं स्पष्ट सांगून टाकतो, वजन उतरवायचं असेल तर दारू बंद करणं हाच सगळ्यात सरळ रस्ता आहे, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलंय की तब्येतीच्या दृष्टीने सुरक्षित म्हणावं असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही, आणि कॅन्सर होण्याशी तिचा संबंध आहे हे तर त्याच्याही कितीतरी आधीपासून पक्कं आहे. त्यामुळे जे पीत नाहीत त्यांनी कुणीतरी "थोडी वाईन हार्टला बरी असते" म्हणालं म्हणून सुरू करू नका प्लीज. हे लिहितोय ते आठवड्यातून एखाद-दुसऱ्यांदा बसणाऱ्यांसाठी, ज्यांना ते पूर्ण सोडायचं नाहीये आणि वजन मात्र उतरवायचंय.

मीही त्यातलाच. माझं वजन सुरुवातीला मस्त उतरलं आणि मग जवळपास तीन महिने काटा जागचा हलेना. खाणं मोजून, चालणं रोजचं, डायरीत सगळं लिहितोय, तरी ढिम्म. डायरीत शनिवारी लिहायचो "२ स्मॉल, १३० कॅलरी" आणि विषय संपला. एकदा सहज म्हणून खोकल्याच्या औषधाचं ते रेघा असलेलं झाकण घेतलं आणि माझा नेहमीचा "स्मॉल" ग्लासात ओतून परत झाकणाने मोजला. १० मिलीची पाच झाकणं भरली आणि सहावं अर्धं. म्हणजे मी ज्याला ३० मिली म्हणत होतो तो ५५ मिलीचा पेग होता, आणि हा पहिला पेग बरं का, तिसऱ्या पेगला हात किती ढिला सुटतो ते तर मोजलंच नाही. तेव्हा पहिलं काम हे करा, घरी पीत असाल तर मोजून ओता. अंदाजपंचे ओतलेल्या दारूचा हिशोब कधीच बसत नाही.

आता आकडे. शुद्ध अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, साखर आणि प्रोटीनमध्ये ४, तेला-तुपात ९. म्हणजे दारू कॅलरीच्या बाबतीत साखरेपेक्षा तुपाच्या जवळची. बऱ्याच बाटल्यांवर कॅलरी छापलेल्याच नसतात, पण मिली आणि टक्के छापलेले असतात आणि तेवढं पुरतं. मिली गुणिले टक्के गुणिले ०.०५५ करा, अल्कोहोलच्या कॅलरी आल्या. ४० टक्क्यांची व्हिस्की, रम, व्होडका, जिन काहीही घ्या, ३० मिलीला साधारण ६६ येतात. यात साखर-बिखर नसते त्यामुळे एवढंच, आणि "व्होडका हलकी, रम जड" वगैरे जे लोक सांगतात ते कॅलरीच्या बाबतीत काही खरं नाही, टक्के सारखे तर कॅलरी सारख्या. बियरमध्ये मात्र अल्कोहोलशिवाय कार्ब्सही असतात, म्हणून वरच्या आकड्यात दर १०० मिलीला १२ ते १६ अजून मिळवायचे. ५ टक्क्यांचा ५०० मिलीचा कॅन म्हणजे २००-२१० कॅलरी, तोच कॅन ८ टक्के स्ट्राँगचा असेल तर २९० च्या आसपास. कोरड्या वाईनचा १५० मिलीचा ग्लास १२० ते १२५, गोड वाईन त्याच्या वर.

आणि मग मिक्सर, म्हणजे दारूत जे मिसळतो ते, हे खरं गुपचूप वजन वाढवणारं प्रकरण. ३३० मिली साध्या कोलामध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १४० कॅलरी, दोन मोजके पेग जेवढे देतात तेवढ्या. टॉनिक वॉटर कडवट लागतं म्हणून लोकांना वाटतं ते सोड्यासारखंच असणार, पण त्यातही भरपूर साखर असते. सोडा, पाणी, बर्फ, लिंबू, एवढ्यावर भागवता आलं तर उत्तम. डाएट कोलामध्ये कॅलरी नसतात हे खरं पण एक लक्षात ठेवा, साखर नसल्यामुळे पोट लवकर रिकामं होतं आणि त्याच दारूची किक लवकर आणि जास्त बसते. कॉकटेलचं तर बोलायलाच नको, क्रीम नाहीतर सिरप घातलेला एक मोठा ग्लास अख्ख्या जेवणाएवढा जाऊ शकतो.

बरं, आता असं वाटेल की मग बियरपेक्षा व्हिस्की-सोडा प्यायलं की झालं, काम फत्ते. थोडा फरक पडतो, पण मुख्य गोम तिथे नाहीये. शरीराला दारू साठवता येत नाही. साखर साठवता येते, चरबी तर काय हवी तेवढी, पण अल्कोहोल आलं की लिव्हर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ते निपटायला घेतं, आणि तोपर्यंत चरबी जाळणं जवळजवळ ठप्प होतं. लिव्हरचा वेगही ठरलेला असतो, तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम, कॉफी प्या नाहीतर गार पाण्याने अंघोळ करा तो वाढत नाही. ५०० मिलीचे तीन कॅन म्हणजे जवळपास ६० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे सहा ते आठ तास लिव्हर त्यातच गुंतलेलं. गंमत म्हणजे त्या दारूची स्वतःची चरबी फारशी बनत नाही, पण तिच्यासोबत जे तळलेलं, तेलकट पोटात गेलं त्याला जळायला वावच उरत नाही, ते सरळ गोदामात. बियरचं पोट म्हणतात ते एकट्या बियरने येत नाही, बियर आणि तिच्या भोवतीच्या चार-पाच तासांत पोटात गेलेलं सगळं मिळून येतं.

माझाच जुना शनिवार मांडून दाखवतो. आठवड्याचे बाकी सहा दिवस रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या, म्हणजे ३००० ची बचत. शनिवारचं रोजचं खाणं झालेलंच, वरून तीन कॅन, ६३०. दोन मुठी शेंगदाणे, ३५०. वेफर्सचं मधलं पाकीट, २७०. रात्री साडेअकराला कुणीतरी पिझ्झा मागवला त्याचे चार तुकडे, पकडा १०००. एकूण २२५०. शिल्लक राहिले ७५०. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तेव्हा आठवडाभर मन मारून हातात पडली १०० ग्रॅमसुद्धा नाही अशी घट. तेच फक्त ते तीन कॅन प्यायलो असतो आणि बाकीचं टाळलं असतं तर ३०० ग्रॅम उतरले असते. म्हणजे बघा, बियरचा वाटा तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी होता, बाकी सगळा राडा तोंडाचा.

म्हणून माझं मत असं झालंय की काय प्यायचं यावर डोकं खाण्यापेक्षा सोबत काय खायचं आणि नंतर काय खायचं यावर लक्ष द्या. प्यायल्यावर भूक खवळते आणि "जाऊ दे आज" म्हणणारा आवाज मोठा होतो, त्यावेळी संयम वगैरे काही चालत नाही, त्यामुळे जे ठरवायचं ते पहिल्या घोटाच्या आधी ठरवायचं.

बसायच्या तास-दीड तास आधी नीट जेवून घ्या. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. लोक काय करतात, रात्री प्यायचंय म्हणून दिवसभर उपाशी राहून कॅलरी वाचवतात. हा प्रकार अजिबात करू नका. रिकाम्या पोटी दारू भराभर चढते, लिव्हर दारूत गुंतलेलं असल्यामुळे रक्तातली साखर टिकवायचं त्याचं काम मागे पडतं आणि ती खाली येऊ शकते, आणि दुसऱ्या पेगनंतर जी खाई खाई सुटते त्यात दिवसभर वाचवलेलं दामदुपटीने जातं. त्यापेक्षा त्या दिवशीच्या जेवणातून तेल आणि भात-ब्रेड थोडे कमी करा, दोन-तीनशे कॅलरी सहज निघतात, पण प्रोटीन आणि भाजी तेवढीच ठेवा. फास्टिंग करणाऱ्यांसाठी, दारूने फास्ट मोडतो, व्हिस्की-सोड्यानेही मोडतो, आणि सोळा तासांचा उपास बियरने सोडणं हा तर शहाणपणा नाहीच. लो-कार्ब किंवा कीटोवाल्यांनी नेहमीच्या निम्म्यावर थांबा, या डाएटवर बऱ्याच जणांना लवकर चढते.

चखणा हवाच असेल तर टेबलावर काय येणार ते तुम्ही ठरवा, शक्यतो तुम्हीच आणा. उकडलेली अंडी, भाजलेलं चिकन किंवा मासे, काकडी-गाजराचे तुकडे. उकडलेल्या अंड्यात ७५ कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रोटीन, दोन खाल्ली की पोटाला आधार होतो. शेंगदाणे वाईट नाहीत पण १०० ग्रॅमला ५७० च्या आसपास कॅलरी असतात आणि ते मुठीने जातात, म्हणून एक मूठ वाटीत काढून घ्यायची आणि पाकीट आत ठेवून यायचं, समोर ठेवलेलं पाकीट संपतंच. खारट कमी खाल्लं तर तहान कमी लागते आणि पिणंही आपोआप कमी होतं, हे तर बारवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहितीये.

दर ग्लासामागे एक मोठा ग्लास पाणी. याने दारू लवकर उतरते वगैरे काही नाही, पण हातात ग्लास राहतो, वेग मंदावतो आणि चार तासांत चारच्या जागी दोन होतात. मित्र आग्रह करतात तेव्हा सोडा-लिंबू-बर्फ घातलेला ग्लास हातात असला की कुणी विचारतही नाही. बिनअल्कोहोलची बियर चांगला पर्याय आहे पण मागचं लेबल वाचा, काहींमध्ये साखर बऱ्यापैकी असते.

रात्रीच्या भुकेची सोय घरातून निघण्याआधी करून ठेवा, हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. परत आल्यावर काही शिजवायची ताकद नसते आणि फोनवर ऑर्डर करायची मात्र असते. म्हणून फ्रिजमध्ये समोरच एक डबा, त्यात सूप किंवा चिकन नाहीतर दही, जे आवडतं ते. आलो, डबा खाल्ला, पाणी प्यायलो, झोपलो. पिझ्झाचे १००० वाचतात.

रोज एकच घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. रोजचा एक कॅन निरुपद्रवी वाटतो पण २१० गुणिले ७ केलं की आठवड्याचे १४७० होतात. शिवाय झोप लगेच लागली तरी रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटत राहते, आणि कमी झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलंच हवं असतं. आणि याचा अर्थ सगळा कोटा शनिवारी एकदम उडवा असा नाही, एका रात्रीत सात कॅन हे रोजच्या एकापेक्षा कितीतरी वाईट.

जिमवाल्यांनी जड व्यायामाचा दिवस आणि बसायचा दिवस वेगळा ठेवावा. २०१४ सालच्या एका प्रयोगात व्यायामानंतर प्रोटीन दिलं पण सोबत दारूही पाजली तर स्नायूंमध्ये नवीन प्रोटीन बनण्याचा वेग २४ टक्क्यांनी कमी निघाला. आता त्यात दारू होती वजनाच्या किलोमागे १.५ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ३३० मिलीच्या आठ बियर, एवढी आपण पीत नाही हे मान्य, पण डाएटवर असताना स्नायू तसेही घटायला टपलेले असतात, कशाला विषाची परीक्षा.

ज्यांनी हे सगळं बाजूला ठेवून दारू टाळायचीच ते असे: गरोदर बायका, फॅटी लिव्हर किंवा लिव्हरचा कुठलाही त्रास असलेले, आणि एकदा सुरू केल्यावर थांबता येत नाही हे ज्यांना स्वतःबद्दल माहितीये ते. डायबिटीससाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, वजनासाठी पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा रोजची कुठलीही औषधं असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

राहिला वजनकाटा. रविवारी सकाळी त्यावर चढू नका. दारूने लघवी जास्त होते त्यामुळे कधी कधी रविवारी ७००-८०० ग्रॅम कमी दिसतात आणि माणूस हुरळून उताऱ्याच्या नावाखाली पुन्हा तळलेलं हाणतो. मग मिठामुळे आणि कार्ब्समुळे पाणी धरलं जातं आणि सोम-मंगळवारी काटा दीड किलो वर, की माणूस हताश होऊन डाएटच सोडतो. दोन्ही वेळा ते पाणीच असतं. मी आता फक्त शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी वजन करतो, आकडा डायरीत लिहितो आणि त्याच्या खालच्या ओळीत शनिवारचे "२ कॅन, एक मूठ दाणे, डब्यात सूप" शनिवार उजाडायच्या आधीच लिहून टाकतो.