शाळेतील दंततपासणी: आकडे बिघडवणाऱ्या या चुका टाळा

दातांची कीड मोजण्याचा डीएमएफटी निर्देशांक १९३८ पासून वापरात आहे. किडलेले, किडीमुळे गमावलेले आणि भरलेले कायमचे दात यांची ती साधी बेरीज असते, आणि दुधाच्या दातांसाठी तीच लहान इंग्रजी अक्षरांत (dmft) मांडतात. बेरीज सोपी असल्यामुळे नवखे तपासनीस सूचना न वाचताच आरसा हातात घेतात.

सर्वांत जास्त घोटाळा ‘गमावलेले’ या रकान्यात होतो. काही वर्षांपूर्वी आम्ही शेजारच्या दोन गावांतील शाळांमध्ये दुसरीचे वर्ग एकाच दिवशी तपासले. एका शाळेत दुधाच्या दातांच्या निर्देशांकाची सरासरी दोनच्या आत होती, तर दुसरीत ती पाचाच्या वर गेली. संध्याकाळी चहा पिताना आमच्यातील एकाने कारणही शोधून काढले होते, कारण त्या शाळेच्या फाटकालगत गोळ्या-बिस्किटांची टपरी होती. मी तक्ते चाळले, तेव्हा बहुतेक मुलांच्या समोरच्या चार दातांपुढे ‘ई’, म्हणजे किडीमुळे गमावलेला, अशी नोंद दिसली. सात वर्षांच्या मुलाचे समोरचे दात आपोआप पडतात, आणि त्या रिकाम्या जागा आमच्या उत्साही इंटर्नने किडीच्या खात्यात जमा केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तपासल्यावर दोन्ही शाळा जवळपास सारख्याच निघाल्या आणि टपरीवाला निर्दोष सुटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीतही, वयामानाने दात आपोआप पडला असणे शक्य नसेल तरच ‘ई’ लिहितात. त्यामुळे या वयात समोरची जागा रिकामी दिसली, तर मी ती कधीच मोजत नाही, दुधाची दाढ नसेल, तरच “दवाखान्यात काढली का?” असे मुलाला विचारतो.

दुसरी चूक सहाव्या वर्षाच्या दाढेची आहे. ही पहिली कायमची दाढ कोणताही दात न पडता दुधाच्या दाढांच्या मागे उगवते, म्हणून पालक तिला दुधाची समजतात, आणि दुर्दैवाने तपासनीसही तसेच समजतात. मग तिची कीड दुधाच्या दातांत नोंदली जाते आणि कायमच्या दातांचा आकडा उगाचच निर्मळ दिसतो. मी मधल्या रेषेपासून रिकाम्या जागा धरून मोजतो. पाचव्या जागेपर्यंत दुधाचा दात असू शकतो, सहावा मात्र कायमचाच असतो. दातांचे दोन अंकी क्रमांकही (पहिला अंक जबड्याच्या भागाचा, दुसरा दाताचा) सुटे उच्चारावेत, कारण वर्गाच्या गोंगाटात ‘पंचाहत्तर’ आणि ‘पंच्याऐंशी’ यांत फरक ऐकू येत नाही आणि डावी दाढ उजवीकडे लिहिली जाते. ‘सात-पाच’, ‘आठ-पाच’ असे म्हटले की लेखनिक चुकत नाही.

एक्सप्लोरर, म्हणजे दात चाचपण्याची टोकदार सळई, खड्ड्यात रुतवून पाहण्याची सवय सोडावी, कारण त्याने मऊ पडू लागलेले इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, फुटते. अर्ध्या मिलिमीटरची गोल घुंडी असलेला सीपीआय प्रोब, म्हणजे तपासणीची बोथट सळई, पुरेसा असतो. खड्डा न पडलेला पांढरा डाग या पद्धतीत कीड धरत नाहीत. भरलेल्या दातात पुन्हा कीड असेल, तर तो किडलेल्यांतच मोजावा. यवतमाळ किंवा चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांतील जास्त फ्लोराइडच्या गावांत दोन्ही बाजूंना सारखे दिसणारे आणि हाताला टणक लागणारे तपकिरी डाग बहुधा किडीचे नसून फ्लोरोसिसचे, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे पडलेले, असतात.

केवळ सरासरी सांगून थांबणे हा आळस आहे. बारा वर्षांच्या निम्म्या मुलांचा आकडा शून्य असतो आणि कीड थोड्यांच्याच तोंडात साठलेली असते, असे वर्ग मी अनेक पाहिले आहेत. म्हणून २००० साली सुचवलेला सिग्निफिकंट केरीज इंडेक्स, म्हणजे सर्वाधिक कीड असलेल्या एक-तृतीयांश मुलांची सरासरी, मी शेजारच्या रकान्यात लिहितोच.

दिवसाला दीडशे मुले तपासल्याची फुशारकी मला ऐकवत नाही. पाच ते दहा टक्के मुले पहिला तक्ता न पाहता पुन्हा तपासावीत आणि दोन्ही नोंदी जुळवून कॅप्पा, म्हणजे योगायोग वगळून त्या किती जुळतात हे सांगणारा आकडा, काढावा. मी ही मुले मुद्दाम जेवणाच्या सुट्टीनंतर बोलावतो, कारण तोवर हात आणि डोळे दोन्ही थकलेले असतात.