बैठकीत पुन्हा विचारण्याची रीत : श्टुटगार्टला नव्याने येणाऱ्यांसाठी

वाहन उद्योगातील नोकरीसाठी पुण्याहून श्टुटगार्टच्या परिसरात येणाऱ्या आपल्या मंडळींना घर, विमा आणि नोंदणी यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. बैठकीत न कळलेली गोष्ट कशी विचारावी, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

माझ्या पहिल्याच महिन्यात एका सहकाऱ्याने सकाळच्या चाचणीसाठी 'हाल्ब आख्ट' ही वेळ सांगितली. आठ आणि अर्धा हे दोन शब्द कानांवर पडल्यामुळे मी साडेआठ असा अर्थ लावला, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तासभर उशिरा पोहोचलो. कारण त्याचा अर्थ साडेसात होतो. त्यातच या भागात 'फीर्टेल आख्ट' म्हणजे सव्वासात आणि 'ड्राइफीर्टेल आख्ट' म्हणजे पावणेआठ. यांतला शेवटचा प्रकार आपल्याला लवकर पचतो, कारण पावणेआठ म्हणताना आपणही पुढच्याच तासाचे नाव घेतो. आकड्यांचेही असेच आहे : येथे १.५०० म्हणजे दीड हजार आणि १,५ म्हणजे दीड. मुदती अनेकदा तारखेऐवजी वर्षातील आठवड्याच्या क्रमांकाने सांगितल्या जातात, आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा धरला जातो.

म्हणून वेळ, आकडा किंवा मुदत कानांवर पडली की ती आपल्या शब्दांत उलट म्हणून दाखवावी. "मला समजले नाही" एवढेच म्हटल्यास समोरच्याला सगळे पुन्हा सांगावे लागते, त्याऐवजी जेवढे कळले तेवढे सांगून नेमकी अडलेली जागा दाखवावी, जसे : "अहवाल २३व्या आठवड्यातील शुक्रवारपर्यंत द्यायचा, असे मी समजलो, मसुदा चालेल की स्वाक्षरी झालेली प्रत हवी?" जर्मनमध्ये 'हाबे इश डास रिश्टिश फेरश्टांडेन', म्हणजे "मला हे बरोबर समजले ना", एवढे पाठ असले तरी पुष्कळ भागते. शब्दच ऐकू आला नसेल तर नुसते 'व्हास', म्हणजे "काय", न म्हणता 'व्ही बिट्टे', म्हणजे "काय म्हणालात", असे म्हणावे. बैठक इंग्रजीत असेल, तर वर्गात सरांना विचारायचो तसा 'डाउट' येथे विचारू नये; ऐकणाऱ्याला आपण त्याच्या म्हणण्यावरच अविश्वास दाखवतो आहोत असे वाटते. 'क्वेश्चन' म्हणावे.

वरिष्ठांना चारचौघांत विचारणे आपल्याला अवघड जाते आणि नंतर चहाच्या वेळी गाठू असे आपण ठरवतो. येथे मात्र मुद्दा संपता संपता विचारलेला प्रश्न सामान्य समजला जातो, आणि उत्तर इतरांनाही हवे असते. न कळताच मान हलवणे त्याहून वाईट, कारण आपली ती आडवी मान येथे कोणी 'नाही' अशी वाचतो, तर कोणी 'बघू' अशी.

बोलीभाषेचा संकोच तर मुळीच नको. श्टुटगार्ट ज्यात येते त्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याने १९९९ साली सुरू केलेल्या स्वतःच्या जाहिरातीतच "आम्हांला सर्व काही येते, प्रमाण जर्मन सोडून" असे म्हटले होते. तेव्हा श्वाबियन, म्हणजे या भागातली बोली बोलणाऱ्या, सहकाऱ्याला सावकाश आणि प्रमाण भाषेत बोलण्याची विनंती केली, तर तो बहुधा हसतो आणि तसे बोलतो.

बैठकीचे इतिवृत्त, ज्याला येथे 'प्रोटोकोल' म्हणतात, हाती आले की त्यातील आपल्या नावापुढचे काम आणि मुदत त्याच दिवशी वाचावी, आणि आपल्या टिपणाशी जुळत नसेल तर लिहिणाऱ्याला दोन ओळींची मेल पाठवावी.