नव्या स्टार्टअपची ओळख ऑनलाइन समूहांत करून देताना

दुवा टाकण्यापूर्वी त्या समूहाचे नियम वाचून घ्यावेत. रेडिटवर प्रत्येक सबरेडिटचे, म्हणजे विषयवार उपसमूहाचे, नियम वेगळे असतात आणि काही ठिकाणी स्वतःच्या उत्पादनाची जाहिरात पूर्णपणे वर्ज्य असते. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानविषयक चर्चा-संकेतस्थळावर स्वतःचे काम दाखवण्यासाठी असलेल्या ‘शो एचएन’मध्ये लोकांना प्रत्यक्ष वापरून पाहता येईल असेच काम मांडता येते, नुसते नावनोंदणीचे पान चालत नाही, आणि मित्रांना आपल्या नोंदीला पसंतीची मते (अपव्होट) द्यायला सांगणेही तेथे नियमबाह्य आहे. कोणी नेमकी अडचण विचारली असेल, तर आपले उत्पादन न वापरणाऱ्यालाही उपयोगी पडेल असे पूर्ण उत्तर आधी लिहावे आणि मगच ‘हे साधन मी तयार केले आहे’ असे उघडपणे सांगून दुवा द्यावा. तोच मजकूर अनेक समूहांत चिकटवण्यापेक्षा एकाच ठिकाणी थांबून प्रत्येक शंकेला, विशेषतः खोचक शंकेला, शांतपणे उत्तर देणे अधिक फलदायी ठरते.