भौतिकशास्त्राकडून एम.टेक.कडे

कोल्हापुरात बी.एस्सी. भौतिकशास्त्र करून अभियांत्रिकीकडे वळू पाहणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे, की नुसत्या बी.एस्सी.वर एम.टेक.ला सहसा प्रवेश मिळत नाही. त्यासाठी एम.एस्सी. करावी लागते. ती शिवाजी विद्यापीठात करता येते, आणि काचपट्टी द्रावणात बुडवून तिच्यावर चढवलेली थिन फिल्म, म्हणजे अतिशय पातळ थर, क्ष-किरण विवर्तनाने तपासण्याचा सराव झाला असेल, तर माझ्या मते मटेरियल सायन्सच्या मुलाखतीत तो चांगल्या गुणांइतकाच कामी येतो.

पुढचा टप्पा गेटचा, म्हणजे एम.टेक. प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेचा. भौतिकशास्त्राचा पेपर ओळखीचा असला, तरी अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरचाही विचार करावा. त्यात १५ गुण सामान्य क्षमतेला, १५ सक्तीच्या गणिताला आणि मटेरियल सायन्स, थर्मोडायनॅमिक्स यांसारख्या निवडलेल्या दोन विभागांना प्रत्येकी ३५ गुण असतात. मात्र कोणती संस्था कोणत्या शाखेसाठी कोणता पेपर ग्राह्य धरते, हे तिच्या प्रवेशपुस्तिकेत वाचूनच अर्ज भरावा, कारण स्थापत्यासारख्या शाखांपेक्षा मटेरियल सायन्स, प्रकाशशास्त्र व सेमीकंडक्टर यांतच भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला वाट मोकळी असते. गेटचा स्कोअर ३ वर्षे चालतो. आयआयटींसाठी सीओएपी या प्रवेशाचे प्रस्ताव स्वीकारण्याच्या सामाईक पोर्टलवर आणि एनआयटींसाठी सीसीएमटी या केंद्रीय समुपदेशनाच्या पोर्टलवर स्वतंत्र नोंदणी करावी लागते.