दोनशे फाइल्स एकदम बदलायच्या असतील तर

समजा, एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात एका फंक्शनचं नाव बदलायचंय आणि ते दोनशे फाइल्समध्ये विखुरलंय. शोधून बदलायला दहा मिनिटं पुरतील. पण त्याच फाइल्सवर तीस-चाळीस जणांच्या पुल रिक्वेस्ट (आपला बदल आत घ्यायच्या विनंत्या) उघड्या असतात. तुमचा बदल मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला, की त्या सगळ्यांकडे कॉन्फ्लिक्ट: एकाच ओळीत दोन वेगळे बदल. आखणी करताना आधी ही माणसं डोळ्यासमोर ठेवा.

१. विचारा

इश्यू (प्रकल्पाच्या पानावर चर्चेची नोंद) उघडून लिहा: काय बदलायचंय, का आणि किती ठिकाणी. आकडा अंदाजाने नको, गिट ग्रेप (गिटमधली शोधायची कमांड) चालवून काढा. टेस्ट, डॉक्युमेंटेशन आणि स्ट्रिंगमध्ये दडलेली नावंही धरा. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरचा होकार येईपर्यंत थांबा. न विचारता आणून टाकलेला दोनशे फाइल्सचा पॅच वाचायला कुणी बसत नाही.

२. जुन्याशेजारी नवं उभं करा

नवं फंक्शन आधी आणा. जुनं काढू नका, ते आतून नव्यालाच कॉल करेल एवढं बघा. मग फाइल्स टप्प्याटप्प्याने हलवा. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये टायमर असेच बदलले: नवं 'टायमर_सेटअप' ४.१४ या आवृत्तीत आलं आणि जुनं 'सेटअप_टायमर' ४.१५ मध्ये निघालं.

कधी कधी दोन्ही एकत्र नांदूच शकत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 'अ‍ॅक्सेस_ओके' या फंक्शनचं पहिलं, निरुपयोगी झालेलं आर्ग्युमेंट कर्नलभर एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) काढून टाकलं. त्यांनी साधलेली वेळ बघा: ५.० ची दोन आठवड्यांची मर्ज विंडो (नवे बदल घ्यायचा काळ) संपत आलेली, आरसी१ (पहिली चाचणी आवृत्ती) तोंडावर. बहुतेकांचं काम तोवर आत आलेलं असतं, त्यामुळे टक्कर कमी होते. तुमच्या प्रकल्पातली अशी फट शोधा. रिलीजच्या आदल्या आठवड्यात मात्र अजिबात नको.

३. बदल स्क्रिप्टने करा

रिव्ह्यू होईपर्यंत मुख्य ब्रांच (कोडची मूळ शाखा) पुढे सरकलेली असते. हाताने बदल केला असेल तर रिबेस करत, म्हणजे तो ताज्या कोडवर पुन्हा बसवत बसा. स्क्रिप्ट असेल तर ताज्या ब्रांचवर पुन्हा चालवली की झालं. ती कमिट मेसेजमध्येच चिकटवा, म्हणजे रिव्ह्यू करणारा स्वतः चालवून फरक ताडून बघेल.

नुसत्या सेडवर (मजकूर शोधून बदलणाऱ्या कमांडवर) विसंबू नका. 'लॉग'चं 'रेकॉर्ड' करायला जाल आणि 'लॉगिन'चं 'रेकॉर्डइन', 'कॅटलॉग'चं 'कॅटारेकॉर्ड' होऊन बसेल. (दुसऱ्याच्या प्रकल्पात झालं तर हसू येतं.) सी भाषेसाठी कॉक्सिनेल आहे. ते कोडची रचना ओळखून बदल करतं आणि कर्नलवाले ते नेहमी वापरतात.

स्क्रिप्टला न जमलेली ठिकाणं हाताने बदला, पण वेगळ्या कमिटमध्ये. यांत्रिक बदलात जाता जाता एखादी चूकही दुरुस्त करू नका. मोह होतो, मला अजूनही होतो. पण त्या गर्दीत ती एक ओळ कुणाला दिसत नाही, आणि तिच्यातूनच बग निघाला तर अख्खा कमिट मागे घ्यायची वेळ येते.

४. इतरांच्या ब्रांच सोडवा

हा भाग बहुतेक जण विसरतात. उघड्या पुल रिक्वेस्टवर ही कृती लिहून ठेवा: तुमच्या ब्रांचमध्ये मोठ्या बदलाच्या अगदी आधीचा कमिट मर्ज करा, तीच स्क्रिप्ट चालवून कमिट करा, मग मोठा बदल 'अवर्स' स्ट्रॅटेजीने मर्ज करा. ही स्ट्रॅटेजी तुमच्या ब्रांचचं रूप जसंच्या तसं ठेवते, त्यामुळे कॉन्फ्लिक्ट येत नाही. 'अवर्स' फक्त त्या एकाच कमिटपुरती वापरा, नाहीतर पुढचं इतरांचं काम गुपचूप गायब होईल.

गिटच्या ब्लेममध्ये (कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) आता बदललेल्या प्रत्येक ओळीवर तुमचं नाव दिसेल. त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) एका फाइलमध्ये नोंदवून ब्लेमला तो वगळायला सांगता येतं. ही सोय गिट २.२३ मध्ये, ऑगस्ट २०१९ ला आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये जँगो या पायथन फ्रेमवर्कचा सगळा कोड ब्लॅक या कोड मांडणाऱ्या साधनाने नव्याने मांडला गेला, तेव्हाचा कमिट असाच नोंदवलेला आहे.

५. मागचं दार बंद करा

तुम्ही हलवाहलव करत असताना कुणीतरी जुनं फंक्शन नव्या फाइलमध्ये वापरतच असतं. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांमध्ये) तपासणी टाका: जुनं नाव नव्याने दिसलं की बिल्ड लाल. गिट ग्रेप रिकामं आलं, की जुनं फंक्शन काढा. बाहेरचे प्रकल्पही ते वापरत असतील तर आधी निदान एका रिलीजमध्ये डेप्रिकेट झाल्याची, म्हणजे ते पुढे काढलं जाणार असल्याची सूचना द्या.