वनजमीन अदलाबदलीची नोटीस: ४५ दिवसांत काय वाचायचं, काय लिहायचं

अमेरिकेत राष्ट्रीय वनांच्या आसपास राहणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरवाटा तुडवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. स्थानिक वर्तमानपत्रात बारीक टायपात एक नोटीस येते: फॉरेस्ट सर्व्हिस, म्हणजे अमेरिकेचं वनखातं, अमुक जमीन खासगी मालकाला देणार आणि बदल्यात तमुक जमीन घेणार. ही नोटीस आठवड्यातून एकदा अशी सलग चार आठवडे छापावी लागते. लेखी म्हणणं मांडायची मुदत मात्र पहिल्या छपाईपासून ४५ दिवस. चौथ्यांदा छापली तेव्हा तुमच्या नजरेस पडली, तर जवळजवळ निम्मी मुदत गेलेली असते.

नोटीस दिसली म्हणून लगेच कपाळाला आठ्या नकोत. अदलाबदलीला चांगलं कारण असू शकतं. १८६४ साली नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला सरकारने एकाआड एक चौरस मैल जमीन बहाल केली. त्यामुळे मोंटाना-वॉशिंग्टनकडचे काही नकाशे आजही बुद्धिबळाच्या पटासारखे दिसतात. सरकारी चौकोनात पोचायला खासगी चौकोन ओलांडावा लागतो, आणि तिथे फाटकाला कुलूप. असे तुकडे सलग करायला अदलाबदल कामी येते. १९२२ आणि १९७६ च्या कायद्यांचा तिला आधार आहे. दोन्ही जमिनी एकाच राज्यातल्या हव्यात आणि किंमत सारखी हवी. फरक पडला तर रोख रकमेने भरून काढता येतो, पण ती रक्कम सरकारी जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. शिवाय व्यवहार सार्वजनिक हिताचा असल्याचं अधिकाऱ्याने लेखी दाखवायचं असतं.

किंमत सारखी, क्षेत्रफळ नव्हे. माणसं फसतात ती इथेच. वॉशिंग्टन राज्यातल्या हकलबेरी डोंगराचं उदाहरण घ्या. वनखात्याने वायरहाउझर या लाकूड कंपनीला सुमारे ४,३०० एकर दिले आणि सुमारे ३०,००० एकर घेतले. ऐकायला झकास सौदा! पण एक एकर जुनं, उभं जंगल आणि एक एकर तोड झालेले खुंट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवाय त्या डोंगरावर मकलशूट या मूळनिवासी जमातीची जुनी पायवाट होती. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने वनखात्याला धारेवर धरलं: या आणि आसपासच्या इतर व्यवहारांच्या एकत्रित परिणामांचा अभ्यास तोकडा होता, तपासलेले पर्याय एकमेकांच्या नकला होते, आणि पायवाटेची नुसती नोंद करून ठेवणं पुरेसं नव्हतं. जमीन विकत घेणं, किंवा देताना खरेदीखतात अटी घालणं, हे पर्याय का तपासले नाहीत, असंही न्यायालयाने विचारलं. तोवर मालकी बदलून झाली होती.

म्हणून एकरांचा आकडा बाजूला ठेवून नकाशा उघडा. नोटिशीत टाउनशिप, रेंज आणि सेक्शन दिलेले असतात, म्हणजे सरकारी मोजणीच्या चौकोनी जाळ्यातला जमिनीचा पत्ता. एक सेक्शन म्हणजे ६४० एकर. समोच्चरेषांच्या नकाशावर दोन्ही बाजूंचे तुकडे रंगवा, मी तर साध्या रंगीत पेन्सिलींनीच रंगवतो. मग बघा: ओढा कुणाकडे जातोय? सपाट खोरं, तळ्याचा काठ, रस्त्यालगतची जागा कुणाकडे? सरकारला मिळतंय ते उंचावरचं खडकाळ रान असेल, तर ते दिसायला कितीही देखणं असो, तिथे घरं बांधायला तसंही कुणी जाणार नव्हतं. त्या उलट, हरणांचा हिवाळी मुक्काम असलेलं खोरं हातचं गेलं तर ते दुसरीकडून आणता येत नाही.

मग कागद मागवा. दोन्ही पक्षांत प्राथमिक करार झालेला असतो. तो बंधनकारक नसतो, पुढे कुणीही माघार घेऊ शकतं. त्यात खर्च कोण उचलणार हे असतं, ते जरूर वाचा. खनिज हक्क जमिनीबरोबर जातात की कुणी राखून ठेवलेत? वहिवाटीचा हक्क कोणत्या रस्त्यांवर राहणार? तोंडी आश्वासन असेल तर ते खरेदीखतात उतरणार का, हे लेखी विचारा.

मूल्यांकन हा सगळ्यात नाजूक भाग. नियमाप्रमाणे सरकारी जमिनीची किंमत ती खासगी असून खुल्या बाजारात विकायला काढली आहे, असं धरून काढायची असते. म्हणजे तिथे बंगले उठू शकत असतील तर तो भावही धरायला हवा. ‘जंगलच आहे, काय किंमत?’ हा युक्तिवाद चालत नाही. २००० साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने याच किमतींवर कडक ताशेरे ओढले आणि असे व्यवहार बंदच करावेत का, याचा संसदेने विचार करावा, इथवर सुचवलं. मला ते टोकाचं वाटतं, पण किमतीबद्दलचा संशय रास्त आहे.

आता पत्र. ‘आमचं जंगल वाचवा’ असं लिहिलेल्या शंभर पत्रांपेक्षा सेक्शनचा क्रमांक देऊन लिहिलेलं एक पत्र जड भरतं. तुम्ही तिथे काय करता, काय पाहिलंत, कोणत्या ऋतूत, आणि हातातून काय जाईल ते लिहा. नियमात एक कसोटी आहे: मिळणाऱ्या जमिनीतून साधणारं सार्वजनिक हित, जाणाऱ्या जमिनीतून साधणाऱ्या हिताइतकं किंवा त्याहून जास्त हवं. तुमचा प्रत्येक मुद्दा या कसोटीला टेकवा. पर्यायही सुचवा: हा तुकडा वगळा, ओढ्याकाठी बांधकामबंदीची अट घाला.

संसदेने स्वतःच कायदा करून अदलाबदल ठरवली, तर मात्र ही वाट अरुंद होते. ॲरिझोनातल्या ओक फ्लॅटचे २,४२२ एकर तांब्याच्या खाणीला द्यायचा निर्णय डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात घुसवला गेला, आणि पर्यावरण अहवाल प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत हस्तांतर करायचं, असं त्यात आधीच लिहिलं होतं. अशा वेळी पत्र वनखात्याला आणि तुमच्या संसद-प्रतिनिधीला, दोघांनाही धाडा.

पाठवलेल्या पत्राची प्रत आणि तारखेची पोच जपून ठेवा. निर्णयाच्या मसुद्यावर हरकत घ्यायचा हक्क साधारणपणे मुदतीत लेखी म्हणणं मांडलेल्यांनाच मिळतो, आणि तोही बहुतेक आधी मांडलेल्या मुद्द्यांपुरताच.