बॅटरी बदलण्याआधी काळी वायर बघा: होडीच्या वायरिंगमधल्या नेहमीच्या चुका

1 ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की माझा फोन वाजायला लागतो. दोन महिने होडी शाकारून ठेवलेली. आता दिवा मिणमिणतो, वायरलेस बोलायला गेलं की बंद पडतो, सेल्फ नुसता कट्-कट् करतो. आणि तिकडून निदानही तयार: "बॅटरी गेली असतली. नवीच घेतंय."

घेऊ नका हो एवढ्यात! रात्रभर काही न जोडता ठेवलेल्या बॅटरीवर सकाळी 12.6 व्होल्ट आहेत आणि सेल्फ मारताना ती 10 च्या खाली जात नाही, तर बिचारीचा काही दोष नाही.

मालवणातल्या माझ्या एका मित्राने एका हंगामात दोन बॅटऱ्या बदलल्या. फायबरची होडी, डोलकाठीवरचा दिवा रात्री जाळी टाकल्यावर मंद व्हायचा. मला बोलावलं तेव्हा त्याने मोठ्या अभिमानाने मल्टिमीटर दाखवला. "बघ, दिव्याकडे 12.4 येतत. वायर बरी आसा."

बल्ब काढून मोजलं होतं त्याने. बल्ब नाही म्हणजे करंट वाहत नाही, आणि करंट वाहत नसेल तर एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा मीटरवर पूर्ण व्होल्ट दाखवते. ही चूक मी इतक्यांदा बघितली आहे की आता मीटर हातात घेण्याआधी विचारतो, दिवा चालू आहे ना?

बल्ब लावला. 7.9. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी दिव्याच्या काळ्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरीवर. तिथे जवळपास शून्य यायला हवं, आले 4.1. सगळे लाल वायरीच्या मागे लागतात, काळीकडे कोणी बघत नाही. मी काडी एकेका जोडावर सरकवत गेलो. फळीखाली, जिथे पाणी साचतं तिथेच, पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड होता. टेप सोडली तर आत हिरवी भुकटी. वायर कापली, आत काळी. वीतभर मागे गेलो तेव्हा कुठे चकचकीत तांबं लागलं. खारं पाणी तारांच्या मधून असं वर चढतं. मित्राने काढून टाकलेली एक बॅटरी आजही त्याच्या खोपीत पंखा चालवते.

म्हणून पीळ आणि टेप होडीत नकोच. टेप पाणी अडवत नाही, आत आलेलं पाणी धरून ठेवते. कथिलाचा मुलामा असलेली वायर घ्या, लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, पक्कडीने नीट दाबा, वरून आत गोंद असलेली आकसणारी नळी गरम करून बसवा. नुसत्या डाकावर भरवसा ठेवू नका, इंजिनाच्या थरथरीने वायर डाकाच्या कडेलाच तुटते. यूट्यूब बघून पाच मिनिटांत जोड मारणाऱ्या पोरांना एवढंच सांगतो, माझा एक जोड पंधरा मिनिटं घेतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे अजून आहेत. फ्यूज यंत्रासाठी नसतो, वायरीसाठी असतो. चांदी उडत नाही, वायर तापते, आणि वायरीच्या बाजूला डिझेल असतं. दुसरा फ्यूजही उडाला तर तिसरा लावू नका, घासलेली वायर शोधा.

घरातली एकतारी वायर वापरू नका, हेलकाव्यांनी तुटते.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढू नका, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोड जातात.

पाणी उपसणाऱ्या पंपाचा तरंगता स्विच मेन स्विचच्या पुढे जोडू नका. मेन बंद करून तुम्ही घरी जाता, रात्री होडीत पाणी भरतं आणि पंप गप्प. त्याला थेट बॅटरीवरून वायर द्या, बॅटरीच्या जवळच त्याचा वेगळा फ्यूज, आणि घरी निघण्याआधी तरंगता भाग हाताने उचलून पंपाचा आवाज ऐका.